पाठीवरचं नाव, पावतीवरचं नाव

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी भाची सहकारनगरहून माझ्याकडे येते. टी-शर्टच्या पाठीवर चार सेफ्टी पिनांनी पांढऱ्या कापडाचा तुकडा लावायचा आणि त्यावर काळ्या मार्करने दोन अक्षरं लिहायची, हे तिचं काम. कापड जुन्या चादरीचं असतं आणि शाई रात्रभर वाळू द्यावी लागते. पहिल्या वर्षी पहाटे घाईत लिहिलं होतं, तर पंधराव्या किलोमीटरपर्यंत घामाने सगळं पसरलं आणि मागून येणाऱ्यांना नुसता काळा डाग दिसायला लागला. अक्षरं एवढीच : 'ताई'. शाई नीट बसली असली की अनोळखी मुलं मला ओलांडून जाता जाता म्हणतात, "चला काका, ताईंसाठी!" ताई कोण हे त्यांना ठाऊक नसतं. मला मात्र तेवढ्यावर पुढचे दोन किलोमीटर निभावून नेता येतात.

ताई २०१७च्या श्रावणात गेली. ओव्हरीचा कॅन्सर. सुरुवातीचे चार-पाच महिने आम्ही सगळे त्याला गॅस समजत होतो. दोन घासांत पोट भरायचं, कंबर जड वाटायची, साडीच्या निऱ्या नीट बसत नाहीत म्हणून ती कुरकुरायची. ओवा-सैंधव झालं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. पोटात पाणी झालंय हे कळलं तेव्हा तिसरी स्टेज होती. ऑपरेशन, केमोच्या सायकली, मधलं सव्वा वर्ष चांगलं, आणि मग परत तेच. ती गेल्यावर सोसायटीच्या फलकावर कुणीतरी मनापासून लिहिलं होतं : 'कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.' लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता; वर्तमानपत्रांत हे वाक्य ठरूनच गेलेलं आहे. पण मला ते तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. ताईने एकही केमो चुकवली नाही, एकही तपासणी टाळली नाही. तोंड आलेलं असताना चमच्याचमच्याने पेज प्यायली. तिच्याकडून काय कमी पडलं? कमी पडलं ते ज्ञान. हा रोग वेळेत कसा ओळखावा हेच वैद्यकाला अजून साधलेलं नाही.

आणि ते साधावं म्हणून प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर एक फार मोठी चाचणी झाली. सीए-१२५ ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी दर वर्षी करत राहिलं, तर या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतात का, एवढाच प्रश्न. सुमारे सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली उत्तर आलं : होत नाहीत. रक्ततपासणीच्या गटात काही जणींचा रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, पण मृत्यूंचा आकडा हलला नाही. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे एवढं सगळं फुकट गेलं?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. आज आहे. फुकट गेलं नाही. त्या 'नाही'मुळे असंख्य बायका एका खोट्या दिलाशापासून आणि नको असलेल्या शस्त्रक्रियांपासून वाचल्या, आणि शोध दुसरीकडे घ्यायला हवा हे कळलं. संशोधनाला पैसा द्यायचा तर असं 'नाही' पदरात घेण्याचीही तयारी लागते.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. गेलेल्या माणसाचं नाव लावून धावायचं असेल, तर त्याच्या वेळी जे ज्ञान अपुरं पडलं ते पुढच्याच्या वेळी पुरेसं व्हावं म्हणून धावावं. आणि त्यासाठीच धावत असू, तर गोळा झालेला पैसा संशोधनापर्यंत पोचला पाहिजे. कुठल्या संस्थेच्या कुठल्या कामाला किती पोचला, हे नावानिशी आणि आकड्यानिशी कळलं पाहिजे.

पुण्याला धावणं नवं नाही. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हा देशात अशा शर्यती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आता पावसाळा सरला की जवळजवळ दर रविवारी शहरात कुठे ना कुठे पहाटे पाचला रस्ता अडवलेला असतो, आणि त्यातल्या बऱ्याच शर्यतींच्या नावात एखादं 'कारण' असतं. नदी, मुली, अवयवदान, कॅन्सर. काही वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत मी धावलो. 'कॅन्सर संशोधनासाठी धावा' असं मोठ्या फ्लेक्सवर लिहिलं होतं. फी नऊशे रुपये. टी-शर्ट मिळाला, जड मेडल मिळालं, पोहे मिळाले, स्टेजवर ढोल-ताशा होता, झुंबा होता. घरी आल्यावर मी आयोजकांना साधी मेल केली की यातले किती पैसे संशोधनाला गेले आणि कुठे? तीन आठवड्यांनी, दोनदा आठवण केल्यावर, उत्तर आलं : आमचा उद्देश जनजागृती हा आहे. मी पुन्हा विचारलं, फ्लेक्सवर संशोधन लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही.

जनजागृतीला मी कमी लेखत नाही. तोंडात तीन आठवडे न भरलेला चट्टा असेल तर दाखवून या, हे वाक्य ऐकून कुणाचा जीव वाचत असेल तर त्यासाठी दहा शर्यती व्हाव्यात. पण जागृती जे ठाऊक आहे तेच पोचवू शकते. ताईच्या रोगाबद्दल पोचवण्यासारखं ठाऊकच थोडं आहे. शिवाय नऊशे रुपये देणाऱ्या चार हजार माणसांपैकी निम्मी तरी कुणाच्या तरी आठवणीने आलेली असतात. त्या पहाटे मी एका मुलाला सुरुवातीच्या कमानीपाशी आईचा पासपोर्ट साइझचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून टी-शर्टच्या आत ठेवताना पाहिलं होतं. त्याच्या त्या फोटोचा हिशेब कुणीतरी देणं लागतं.

या सगळ्याची सुरुवात ज्या मुलापासून झाली असं म्हणता येईल, तो कॅनडाचा टेरी फॉक्स. १९७७ साली अठराव्या वर्षी त्याला हाडाचा कॅन्सर झाला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की केमोमुळे आता जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. दोनच वर्षांपूर्वी ती पंधरा टक्के असती. हा फरक त्याच्या मनात रुतला. त्या दोन वर्षांत रोग बदलला नव्हता, रोगाबद्दलची समज वाढली होती. त्यातून त्याने ठरवलं की कृत्रिम पायाने सबंध कॅनडा धावत पार करायचा आणि संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर मागायचा. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने अटलांटिक समुद्रात पाय बुडवून सुरुवात केली. रोज जवळपास एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर. असे १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे या गावाजवळ छातीतल्या दुखण्याने त्याला थांबावं लागलं. कॅन्सर फुफ्फुसांत पोचला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला. तेवीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. तोवर दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके. डोई एक डॉलर.

मला त्याच्या धावण्याइतकंच त्याचं नाकारणं महत्त्वाचं वाटतं. कंपन्या जाहिरातीसाठी मागे लागल्या होत्या; त्याने स्वतःचा फायदा होईल असं काहीही घेतलं नाही. त्याच्या नावाने १९८१पासून दर वर्षी जी दौड होते, तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. चालत गेलात तरी चालतं. जमलेली रक्कम आजवर ऐंशी कोटी कॅनेडियन डॉलरच्या पुढे गेली आहे. आपण त्याच्याकडून धावणं घेतलं, मेडल आपलं आपण वाढवलं, आणि त्याचा मूळ हट्ट, की पैसा संशोधनालाच जाणार, तो मात्र घेतला नाही.

आता या हट्टालाच आपल्याकडे सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. माझ्या घराजवळ कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचे मालक तोंडाच्या कॅन्सरने गेले. मी वर्गणी कशाला मागतोय हे त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथं माणसाला इंजेक्शनला पैसे नाहीत. तुम्ही शोध लावणाऱ्यांना कशाला देता?" आपल्याकडे दान माणसाला दिलं जातं. समोर पेशंट असतो, त्याचे रिपोर्ट असतात, व्हॉट्सॲपवर फोटो येतो, आपला हात खिशात जातो. हे चांगलंच आहे आणि ते थांबू नये. संशोधनाला चेहरा नसतो. ज्या बाईला २०४० साली हा रोग होणार आहे तिचा फोटो कुणाकडेच नाही. आज ती कदाचित शाळेत आहे.

पण मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर इंजेक्शनच्या किमतीतच आहे. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर, ज्यात आपला तोंडाचा कॅन्सर येतो, निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारं औषध चालतं. पूर्ण मात्रेत ते आपल्याकडच्या बहुतेक पेशंटना परवडतच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधल्या डॉक्टरांनी विचारलं, याची मात्रा दहाव्या हिश्शाहूनही कमी केली तर? तीन आठवड्यांनी एकदा फक्त वीस मिलिग्रॅम, सोबत गोळ्यांची स्वस्त केमो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नुसती गोळ्यांची केमो घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर साधारण सोळा टक्के पेशंट हयात होते. वीस मिलिग्रॅमची जोड मिळालेल्यांत त्रेचाळीस टक्के. हा प्रश्न औषध विकणारी कंपनी कधी विचारील का? आपलंच औषध दहापट कमी खपावं म्हणून कोण चाचणीला पैसे लावेल?

एकदा हे लक्षात आलं की मग तशी उदाहरणं दिसायलाच लागतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. तेच, जे दात काढताना हिरडीत देतात. देशातल्या अकरा केंद्रांतल्या जवळपास सोळाशे स्त्रियांवर हा प्रयोग झाला. पाच वर्षांनंतर जगलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. शंभर बायकांमागे तीन-चार जीव, आणि तेही दाताच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनने. हे औषध इतकं जुनं आणि स्वस्त आहे की ते सिद्ध करण्यात कुणाचाही नफा नाही. म्हणूनच असले प्रश्न लोकांच्या पैशावर विचारावे लागतात : सरकारच्या, संस्थेच्या, आणि तुमच्या-माझ्या.

तोंडाच्या कॅन्सरचं तर आणखी वेगळं आहे. तो आपला रोग आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री आपल्या घरात आहे, तेव्हा त्याच्याबद्दलचे प्रश्नही आपल्यालाच विचारावे लागतील. युरोप-अमेरिकेत हा आजार इतका नाही की तिथे कुणी आपल्यासाठी खपत बसावं. गालाची किंवा जिभेची गाठ लहान आहे आणि मानेतल्या गाठी हाताला लागत नाहीत, तर मान आत्ताच साफ करावी, म्हणजे त्या गाठी आधीच काढून टाकाव्यात, की थांबून पाहावं, यावर सर्जन मंडळींत पन्नास वर्षं वाद होता. टाटा मेमोरिअलने २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं पेशंट घेत चाचणी केली. आधीच शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ऐंशी टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, थांबलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. तो वाद तिथे मिटला. मावशींचे मालक कुठल्या टप्प्यावर होते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. पण हे आकडे मी त्यांना भाजीच्या पाटीशेजारी उकिडवं बसून सांगितले. शंभरात बारा माणसं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बारा म्हंजे आमची अख्खी आळी की." आणि पन्नासची नोट काढून दिली.

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. ते आहेच. आपण लाँग रनला पाषाण रोडने जातो तेव्हा आयसर या विज्ञानसंस्थेचं गेट ओलांडतो, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे रात्रंदिवस पेशी वाढवणारी, जपणारी, तपासणारी तरुण मुलं-मुली आहेत. पण कॅन्सर संशोधनाचा फार मोठा भाग म्हणजे घरोघर जाणं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांचा अभ्यास झाला. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची आयुष्यात एकदाच तपासणी केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणता येतात, हे २००९ साली जगाला त्या खेड्यांतून कळलं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून, साध्या ॲसिटिक ॲसिडने, म्हणजे व्हिनेगरमध्ये जे असतं त्याने, तपासणी केली. दर दोन वर्षांनी एकदा. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या दोन्ही अभ्यासांत ज्या बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं, त्यांच्याबद्दल पुढे कठोर नैतिक प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवेत. ज्याच्या पैशावर संशोधन चालतं त्याला ते विचारण्याचा हक्कही असतो, आणि वर्गणी देणाऱ्याने तो वापरावा.

पुण्याची गोष्ट तर पुणेकरांनाच फारशी ठाऊक नाही. एचपीव्ही लशीचे तीन डोस द्यावेत की दोन पुरतात, हे पाहायला २००९ साली देशात एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात पुण्यातल्याही मुली होत्या. २०१० साली दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारने लसीकरणाच्या चाचण्या थांबवल्या. हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. आपण असतो तर म्हटलं असतं, बुडालं सगळं. या मंडळींनी तसं न म्हणता त्या मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला, वर्षानुवर्षं. आणि त्यातून दिसलं की एका डोसनेही संरक्षण जवळजवळ तेवढंच मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका डोसलाही मान्यता दिली, तेव्हा तिच्यासमोरच्या पुराव्यांत या मुलींचा वाटा मोठा होता. जगभरच्या गरीब देशांचा लसीचा खर्च त्याने कमी झाला. आणि आपली स्वतःची लस, सर्व्हाव्हॅक, तीही हडपसरच्या सीरममधून जानेवारी २०२३मध्ये बाजारात आली.

पाठपुरावा हा शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहितोय. मुलींची लग्नं होतात, आडनावं आणि गावं बदलतात, फोन नंबर बंद पडतात. त्यांना शोधत जाणाऱ्या बाईचा एसटीचा पास, तिचा महिन्याचा पगार, नोंदी भरणाऱ्या माणसाचा पगार, रक्ताचे नमुने ठेवणाऱ्या फ्रीजरचं वीजबिल. मोठ्या अनुदानाची मुदत तीन वर्षांनी संपते आणि नेमकं हेच काम मध्ये लटकतं. एका शर्यतीतून जमतील असे आठ-दहा लाख रुपये मोठ्या संस्थेला समुद्रात थेंबासारखे आहेत. या कामाला ते वर्षभर पुरतात.

संशोधन हे सरकारचं काम आहे, आपण कर भरतो, हेही मला ऐकवलं जातं. सरकारचंच आहे. देशाच्या सकल उत्पन्नाचा एक टक्काही आपण सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून खर्च करत नाही, आणि वर्षाला चौदा लाखांवर नवे कॅन्सर पेशंट होत असताना ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण ज्याने संशोधनासाठी स्वतः घरोघर पाचशे-पाचशे रुपये मागितलेत, तो माणूस बजेट आलं की ते आकडे शोधतो. न मागणारा शोधत नाही. हे मी माझ्यावरूनच सांगतो.

मग पैसेच द्यायचे तर सरळ द्या, धावता कशाला? हा प्रश्न मला माझ्या थोरल्या भावाने विचारला होता, आणि तो मनाने उदार माणूस आहे. माझं उत्तर असं की धावल्याशिवाय मला मागता येत नाही. आपल्या घरांत मागण्याची लाज फार. मी तीस वर्षं नोकरी केली, सहकाऱ्याकडे चहाचे पैसे मागताना अडखळलो. पण चार महिने पहाटे तळजाईच्या टेकडीवर पळताना लोकांनी पाहिलेलं असलं, गुडघ्याला पट्टा बांधलेला पाहिलेला असला, की तोंड उघडतं. अंगमेहनतीने मागण्याला नैतिक बळ येतं. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा अनोळखी वारकऱ्याचे पाय चेपणाऱ्या शहराला हे समजावून सांगायला नको.

आणि थोडं-थोडं मागून मोठं उभं करणं हे तर आपलंच आहे. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, असा पैसा फंड अंताजी दामोदर काळे यांनी काढला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. टेरी फॉक्सचा डोई एक डॉलर आणि आपला डोई एक पैसा यांत सत्तर वर्षांहून जास्त अंतर आहे, कल्पना एकच. मावशींच्या पन्नासच्या नोटेला म्हणूनच कंपनीच्या पाच लाखांच्या चेकपेक्षा वेगळी किंमत आहे. ज्या संशोधनाला पन्नास हजार माणसांनी पन्नास-पन्नास रुपये दिलेत, त्याचा निष्कर्ष काय आला हे विचारणारी पन्नास हजार घरं असतात.

पुण्यातल्या आयोजकांकडे माझं मागणं मोठं नाही. नोंदणीच्या पानावर लिहा : फी इतकी, त्यातले टी-शर्ट-मेडल-मांडवाला इतके, संशोधनाला इतके. संशोधनाला शून्य असतील तर शून्य लिहा आणि फ्लेक्सवर 'आरोग्यासाठी धावा' म्हणा, मी आनंदाने धावेन. संशोधनाला असतील तर संस्थेचं आणि कामाचं नाव लिहा. मेडल नको म्हणणाऱ्याला तसा पर्याय द्या आणि मेडलचे पैसे त्या खात्यात वळवा. देणगी देणाऱ्याला संस्थेची पावती थेट मिळू द्या, मधल्या हातांशिवाय. आणि पुढच्या वर्षी कमानीखाली, झुंबाच्या आधी, पाच मिनिटं एखाद्या संशोधकाला माइक द्या. मागच्या वर्षीच्या पैशांतून आम्ही हे केलं, हे जमलं, हे जमलं नाही, असं त्याने किंवा तिने मराठीत सांगावं. जमलं नाही हेही सांगावं. त्या गर्दीत उभी असलेली माणसं ते ऐकून घेण्याइतकी खचित शहाणी असतात. त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन त्याहून वाईट ऐकलेलं असतं.

धावणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. दुःखाच्या भरात पहिल्याच वर्षी फुल मॅरेथॉनला नाव घालू नका. तेरावं झालं आणि दोन महिन्यांत बेचाळीस किलोमीटर पळायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाला पस्तिसाव्या किलोमीटरला ॲम्ब्युलन्समध्ये घालावं लागलं. दहा किलोमीटर चालत गेलात तरी पावती तीच मिळते.

माझी मागच्या डिसेंबरची वर्गणी ६१,३५० रुपये झाली. सोसायटी, जुने सहकारी, शाळेतले मित्र, भाचीच्या ऑफिसातली मुलं. सगळं बँकेत भरून चेकने दिलं. संस्थेची पावती आली, तिच्यावर 'यांच्या स्मरणार्थ' अशी एक ओळ असते. तिथे ताईचं पूर्ण नाव छापून आलं होतं. मी तिची एक झेरॉक्स काढून मावशींना दाखवायला नेली, कारण त्यांच्या पन्नास रुपयांचा हिशेब द्यायचा होता.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. वाचता येत नाही म्हणून मला वाचायला सांगितला. मी वाचला. मग त्यांनी विचारलं, "ह्याच्यात आमच्या मालकाचं नाव हाय का?"

नव्हतं. एकाच नावाची जागा होती आणि ती मी भरली होती. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी दोन पावत्या करू, आणि माझ्या पाठीवरही त्यांचं नाव लिहू, चालेल का? त्या हो म्हणाल्या. मी पेन काढलं आणि नाव विचारलं. त्या पदर ओढून हसल्या, मान वळवली आणि मागे पोत्यावर बसून मोबाइल बघणाऱ्या नातवाला हाक मारली.

"सांग रं, आज्याचं नाव सांग ह्यास्नी."

त्याने सांगितलं. मी ते झेरॉक्सच्या मागे लिहून घेतलं. या वर्षी कापड मोठं कापायचं आहे, हे भाचीला कळवलं आहे.